एकमत होईना म्हणून उभं राहिलेलं झाड

विहीणबाई,

शनिवारी राईत जाऊन आले. आता लगेच चष्मा कपाळावर चढवून "फुटला का म्हातारा? पालवी आली का?" असं विचारू नका. सांगणार आहे, पण माझ्या चालीनं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईनं गोष्ट शेवटाकडून सांगायला घेतली, तर तिचे जुने विद्यार्थी घर शोधत येऊन तिला बाकावर उभं करतील.

तुम्ही फेब्रुवारीत गेलात. माझी मृणाल आणि तुमचा अनिकेत मिळेल त्या विमानानं पुण्याला धावले आणि ओवीला सांभाळायला मी इथे, टोकियोच्या हिगाशी-कसाईत, मागे राहिले. लेकीच्या सासूला शेवटचा नमस्कारही करता आला नाही, म्हणून खूप रडले. रडून झाल्यावर ओवीनं विचारलं, "दोंगुरी आज्जी, किनोको आज्जीला आता झाडाचं कोण सांगणार?" दोंगुरी म्हणजे ओकचं फळ आणि किनोको म्हणजे अळिंबी. पोरीनं आपल्याला ही नावं ठेवली तेव्हा कारणही दिलं होतं: मी जमिनीवर पडलेलं गोळा करते आणि तुम्ही सडलेलं. तर सांगायचं काम असं माझ्याकडे आलं.

आधी दहाव्याची हकीकत ऐका, मृणालनं फोनवर सांगितली तशी. तुमचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा आहे, आणि त्या हयात असल्यामुळे त्यांचं चाललं. कावळा काही पिंडाला शिवेना. सगळे अनिकेतकडे बघायला लागले, आईची इच्छा राहिली असेल, बोल काहीतरी. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आई, झाड तोडत नाही." कावळा ढिम्म. मृणालनं त्याला कोपरानं ढोसलं. "बरं, तोडतो." कावळा तरीही ढिम्म. शेवटी गुरुजींचा फोन वाजला, ते बोलायला लांब गेले, आणि त्यासरशी कावळ्यानं झडप घातली. जाऊबाईंनी डोळे पुसले. मला मात्र इथे, टोकियोत, भांडी घासता घासता तुमचा आवाज स्वच्छ ऐकू आला: "निरीक्षण नीट करा. कावळा गुरुजींना भीत होता."

खरं तर मीही तुम्हाला भीत होते. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा मी छप्पन्न वर्षांची अल्लड तरुणी. जगातलं सगळं कळत असल्याचा तो काळ. मुलाची आई कृषी महाविद्यालयात झाडांच्या बुरशीरोगांची प्राध्यापक आहे, असं समजल्यावर मी मृणालच्या बाबांना म्हणाले होते, "अहो, त्या घरात भाकरीवर बुरशी आली तर फेकत नसतील, बारसं करत असतील." आणि तुमच्याकडे पहिल्यांदा आले तर फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी काचेच्या बशा, बशांत करडी लव. तुम्ही शांतपणे म्हणालात, "वरची बरणी तुमची. खालच्या बशा माझ्या. अदलाबदल होऊ देऊ नका." लग्नात वरमाई रुसणार, हे धरून मी समजुतीची वाक्यं घोकून आले होते. ती तशीच परत न्यावी लागली. ऐन मुहूर्ताला वरमाई सापडेना, म्हणून शोधाशोध झाली, तर तुम्ही मांडवामागे उभ्या राहून तोरणातल्या आंब्याच्या पानावरचे ठिपके भिंगातून बघत होतात. शालू नेसून! मी माझ्या बहिणीला कुजबुजले होते, "पोरीचं कसं व्हायचं?" त्या छप्पन्न वर्षांच्या बयेला आज कुठे गाठलं, तर कान धरून सांगीन, पोरीचं ठीक होईल, तू तुझं बघ.

मग मुलं जपानला आली, ओवी झाली, आणि तीन तीन महिन्यांच्या व्हिसावर आपण दोघी इथे येऊ लागलो. एका घरात दोन आज्ज्या आणि एक स्वयंपाकघर. मृणालला वाटलं आता भांडी वाजणार. तुम्ही ती वेळच येऊ दिली नाहीत. दर शनिवारी सकाळी टोपी घालून दारात उभ्या. "चला विहीणबाई, झाडं बघून येऊ." तरुणपणी इथल्या एका विद्यापीठात दोन वर्षं काढल्यामुळे तुम्हाला मोडकी का होईना जपानी येत होती. मला 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', एवढंच येत होतं आणि ते मी दुकानदारापासून खांबापर्यंत सगळ्यांना म्हणत होते.

चिबाकडच्या त्या टेकडीवरची होसोयासानांची राई. होसोयासान आपल्याच वयाचे, शिताके अळिंबी पिकवणारे. ओकच्या ओंडक्यांना भोकं पाडायची, बुरशी रुजवलेल्या लाकडी खुंट्या त्यात ठोकायच्या आणि वर्ष दोन वर्षं वाट बघायची. पूर्वी त्यांचे ओंडके उत्तरेतून, फुकुशिमाच्या डोंगरांतून यायचे. मोठा भूकंप झाला, अणुवीज केंद्राचा अपघात झाला आणि ते ओंडके यायचे थांबले. तेव्हा त्यांना आजोबांची राई आठवली. घरोघरी गॅस आल्यापासून कोळशासाठी लाकूड तोडायला तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. झाडं आपली वाढत राहिली होती. कोनारा नावाचा इथला ओक, पूर्वी मांडीएवढा झाला की तोडायचे, बुंध्यातून पुन्हा धुमारे यायचे. आता दोन माणसांच्या कवेत न मावणारे कोनारे तिथे उभे होते, आणि ऑगस्टमध्ये, सगळं रान हिरवंगार असताना, त्यातले काही शेंड्यापासून तांबडे होऊन वाळायला लागले होते.

मी म्हणाले, "किती सुंदर रंग!" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू आजाऱ्याच्या तापलेल्या गालांना मी गुलाबी म्हटलं होतं.

मग ओंडक्यावर बसून, थर्मासमधला चहा ओतत तुम्ही मला शिकवलंत. तांदळाच्या दाण्याएवढा किडा. नर आधी भोक पाडतो, मग मादी येते. तिच्या पाठीवर बारीक खळगे असतात आणि त्यांत बुरशी.

"माहेरून विरजण घेऊन येतात ना, तशी," तुम्ही म्हणालात. "नव्या घरी बोगदे खणायचे, भिंतींना विरजण लावायचं आणि त्यावर पोरं वाढवायची."

"संसारीच आहे की बिचारी."

"आहेच. पण त्या विरजणाबरोबर दुसरी एक बुरशी येते, ती लाकडात पसरते. तिला अडवायला झाड स्वतःच्याच नळ्या बुजवून टाकतं. चोर शिरला म्हणून घरातल्यांनी सगळे नळ बंद करून बसावं, तसं. वर पाणी चढत नाही. भर पावसाळ्यात झाड तहानेनं मरतं."

"मग मारतं कोण? किडा, बुरशी की झाड?"

"आपण. त्याला म्हातारं होऊ दिलं आपण. किड्याला जाड बुंधाच लागतो. पोरसवदा झाडाकडे तो ढुंकून बघत नाही."

"म्हातारं होणं हा काय गुन्हा झाला?" मला उगीचच झोंबलं होतं.

"गुन्हा नाही हो. फक्त धोका."

आपलं भांडण खरं त्या दिवशी, त्या चहावर सुरू झालं.

पण त्याआधी भाजणी. नाही, ती मी गाळणार नाही. तुम्ही ओवीला ती गोष्ट इतक्या वेळा सांगितलीत, की आता मी नाही सांगितली तर ती सांगेल.

मी मिरजेहून आणलेल्या थालीपिठाच्या भाजणीत टोके झाले होते. अन्न केराच्या पिशवीत टाकवेना. इथल्या केराची वर्गवारी एक वेळ पाठ होईल, पण अन्न टाकायचा हात होत नाही. आणि त्याच शनिवारी राईत मला एका ओकच्या बुडाशी पिवळसर तपकिरी पीठ दिसलं. चांगलं मूठभर, व्यवस्थित ओळीनं. मला भरून आलं. म्हटलं, आपल्या बिल्डिंगमधली कोणी पुण्यवान बाई एवढ्या लांब येऊन मुंग्यांना पीठ घालते! मागे राहते की काय मी? पुढच्या शनिवारी तुम्ही होसोयासानांशी बोलत होतात तेवढ्यात मी पिशवी उघडली आणि दिसेल त्या झाडाच्या बुडाशी मुठी मुठी भाजणी घातली. मुंग्यांना नमस्कार केला. परतीच्या गाडीत मला इतकं पुण्य लागल्यासारखं वाटत होतं, की मी तुम्हाला खिडकीची जागा दिली.

ते पीठ म्हणजे किड्यानं आतलं लाकूड कोरून बाहेर ढकललेला भुसा असतो, आणि ज्या झाडाखाली भुसा त्याला होसोयासानांची माणसं गुलाबी फीत बांधतात, म्हणजे ते हिवाळ्यात तोडायचं, हे मला कोणी सांगितलं होतं?

पुढच्या खेपेला राईचा तो सगळा कोपरा गुलाबी. होसोयासानांचा चेहरा उतरलेला. आठवड्यात इतकी झाडं गेली कशी? तुम्ही गुडघ्यांवर बसलात. चिमटीत भुसा घेतलात, भिंग लावलंत. मग नाकाशी नेलात. पुढच्या झाडाशी गेलात, पुन्हा वास. माझ्याकडे वळून पाहिलंत आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "विहीणबाई, या झाडांना धन्याजिऱ्याचा वास येतोय."

मी आभाळाकडे पाहिलं.

"आणि थोडी मेथी."

"मेथी नाही घालत मी भाजणीत," मी ताडकन म्हणाले, आणि मग जीभ चावली.

होसोयासान काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते. तुम्ही उठून त्यांना सांगितलंत की ही झाडं ठणठणीत आहेत, यांच्यावरचा किडा जपानी नाही, तो मिरजेहून आलेला आहे आणि त्याला तुम्ही घरीच आवर घालाल. मग तुम्हाला जे हसू फुटलं! टोपी पडली, भिंग पडलं, होसोयासान न समजताच हसायला लागले, आणि मी फिती सोडत सुटले. एक एक गुलाबी फीत सोडायची आणि झाडाला 'सुमिमासेन' म्हणायचं. इतक्या वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदाच योग्य जागी वापरला.

त्याच पावसाळ्यात मला एका मेलेल्या ओकच्या मुळाशी लालभडक मिरच्यांसारखं काही उगवलेलं दिसलं. मी वाकले. माझं बोट पोचायच्या आत तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका मारलात की बांगडी पिचकली. "अगं बये, हात लावू नकोस! नुसत्या स्पर्शानं कातडी सोलते ती!" मेलेल्या ओकाखाली येणारी विषारी बुरशी ती. मी मनगट चोळत पुढे चालू लागले. तुम्हाला वाटलं मी फटक्यानं दुखावले. छे हो. माझी आई गेल्यापासून मला 'अगं बये' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. ते म्हणायचं राहिलं, म्हणून आज म्हणते. ती पिचकी बांगडी मी बदललेली नाही.

आता म्हाताऱ्याकडे येते.

राईच्या तोंडाशी असलेला तो सगळ्यात मोठा कोनारा. ओवी त्याच्याच मुळांना धरून पहिल्यांदा उभी राहिली, आणि त्याच्याच दोंगुरींनी तिच्या सगळ्या कोटांचे खिसे फाटले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या बुडाशी भुसा दिसला. तुम्ही वास घेतलात. माझ्याकडे बघून मान हलवलीत. धने नव्हते.

तुमचं म्हणणं साफ होतं: हिवाळ्यात तोडायचा. एका झाडातून पुढच्या उन्हाळ्यात हजारोंनी किडे बाहेर पडतील, आणि आजूबाजूची झाडं जातील. माझं म्हणणं: पान अजून हिरवं आहे, तो झगडतोय, त्याला वेळ द्या. तुम्ही म्हणालात, हा भावनेचा प्रश्न नाही. मी म्हणाले, मग तुमचा आवाज का चढलाय? गाडीत भांडलो, भाजी निवडताना भांडलो, ओवीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, इतर पालक फोटो काढत असताना, शेवटच्या रांगेत भांडलो. अनिकेत मृणालला म्हणाला, "या दोघींना कुणाच्या म्हातारपणाबद्दल बोलायचंय नक्की?" तो पोरगा दिसतो तेवढा साधा नाही. तुमच्यावर गेलाय.

शेवटी होसोयासानांनी निकाल दिला. करवत त्यांनी आणून झाडाला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "सेन्सेई आणि ओबाआसान, तुमचं दोघींचं एकमत झालं की मला सांगा. तोवर हात लावत नाही." सेन्सेई म्हणजे गुरू, त्या तुम्ही; ओबाआसान म्हणजे आज्जी, ती मी. तोपर्यंत बुंध्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा ठरला, म्हणजे आतले किडे आतच राहतील. तुम्ही कागद ताणून धरलात, मी चिकटपट्टी लावली. "घट्ट लावा," तुम्ही म्हणालात, "साडीला पिन लावल्यासारखी नको." आणि मग जाता जाता, कोणी बघत नाहीसं पाहून, तुम्ही झाडाला थोपटलंत. मी बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही येऊ शकला नाहीत. हृदय थकलं होतं. मी एकटीच राईत जायचे आणि तुम्हाला फोनवर म्हातारा दाखवायचे. कॅमेरा मी नेहमी उलटा धरायचे, त्यामुळे तुम्हाला झाडाऐवजी माझी हनुवटी दिसायची. "हा रोग वेगळा दिसतोय," तुम्ही म्हणायचात. ऑगस्ट आला, शेंड्याच्या काही फांद्या वाळल्या, पण म्हातारा तांबडा झाला नाही. थंडीत इतरांसारखी पानं गाळून उभा राहिला. आता वसंतात फुटतो की नाही, त्यावर सगळं होतं.

जानेवारीतला तो शेवटचा फोन. तुमच्या नाकाला नळी आणि डोळ्यांत नेहमीचा खट्याळपणा.

"म्हातारा काय म्हणतो?"

"झोपलाय. कळ्या धरल्यात, पण खऱ्या की खोट्या कळत नाही."

"राहू द्या त्याला."

"म्हणजे?"

"तोडू नका. एकदा हल्ला पचवून जगलेल्या झाडाच्या वाटेला किडा सहसा जात नाही. तुमचं बरोबर होतं."

विहीणबाई, मला संताप आला. इतकं भांडून, ऐन वेळी शरण? मी म्हणाले, "काही नाही, तोडायचाच. होसोयासानांनी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना कसले धुमारे आलेत, बघितलेत मी. ओवीनं तिथे दोंगुरी पेरून वाढवलेल्या रोपांना याच्या सावलीत ऊनच मिळत नाही. तुमचं बरोबर होतं."

"अहो, मी तुमचं मान्य करतेय!"

"मी ते कालच सोडलं!"

"मग आता मी जोरानं सांगते, तोडू नका!"

"तोडणार!"

तुम्ही हसायला लागलात, हसता हसता धाप लागली, नर्सनं फोन काढून घेतला आणि मी इकडे एकटीच हसत राहिले. तुम्ही बाजू का बदललीत ते मी विचारलं नाही. मी का बदलली ते तुम्ही विचारलं नाहीत. दोघींनाही कळलं होतं, आणि कळलेलं बोलून दाखवायची आपल्याला सवय नव्हती. आपल्याला भांडायची सवय होती.

तर शनिवार. ओवी आणि मी राईत पोचलो तेव्हा सगळे कोनारे फुटले होते. त्यांची कोवळी पालवी किती चंदेरी असते, मांजराच्या पिल्लाच्या कानांसारखी लव असते तिच्यावर, ते मी तुम्हाला काय सांगायचं. मी मान खाली घालून चालत होते. म्हाताऱ्याच्या बुंध्याशी येईपर्यंत वर बघायचं धैर्य झालं नाही. ओवीनंच माझी हनुवटी धरून वर केली.

अर्धा फुटलाय, विहीणबाई.

पूर्वेकडचा अर्धा चंदेरी, भरगच्च. पश्चिमेकडचा कोरडा खडखडीत, एक कळी नाही. झाडाच्या मधोमध रेघ मारून कोणी वाटणी केल्यासारखा. मी म्हणाले, झालं, अर्धा तुमचा, अर्धा माझा. पण आपण बाजू बदलल्या होत्या ना! कोणता अर्धा कुणाचा, तेच मला लागेना. मी तिथेच मुळावर बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ओवी होसोयासानांना जपानीत समजावत होती की हे आज्जीचं रडणं नाही, ही आज्जी अशीच हसते.

मग मी पिशवीतून पुडी काढली. ताजी भाजणी, परवाच भाजलेली. फुटलेल्या बाजूला एक मूठ घातली, वाळलेल्या बाजूला एक. होसोयासानांनी भुवया उंचावल्या, खाली वाकले, वास घेतला आणि खिशातली गुलाबी फीत न काढताच परत आत ढकलली. शिकले ते. तुमच्या हाताखाली शिकले.

उठून त्यांनी झाडाला टेकलेल्या करवतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांत आधी त्यांनीच डोकं झुकवून, बराच वेळ झुकवून, मला न समजणारं काहीतरी सांत्वनाचं म्हटलं होतं. तरी त्यांनी विचारलं. विचारलं म्हणूनच तो माणूस मला आवडतो. ओवीनं भाषांतर केलं:

"ते विचारतायत, तुम्हा दोघींचं एकमत झालं का?"

"त्यांना सांग, नाही झालं."

होसोयासान "हाय", म्हणजे "बरं", म्हणाले, करवतीवर कापड घातलं आणि चहा ओतायला घेतला. सवयीनं आपल्या दोघींचे दोन पेले भरले.

"पण आज्जी," ओवी म्हणाली, "आता कधी होणार तुमचं एकमत?"

मी दोन्ही पेले उचलले.

"घाई काय आहे?"